शस्त्रक्रियेची तारीख

अन्ननलिकेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया ही शल्यविद्येतील अत्यंत अवघड शस्त्रक्रियांपैकी एक समजली जाते. पोट उघडायचे, छाती उघडायची, रोगग्रस्त अन्ननलिका आणि तिच्या आसपासच्या लसीकाग्रंथी काढून घ्यायच्या, मग जठराला कापून-शिवून नळीचा आकार द्यायचा आणि ती नळी वर ओढून अन्ननलिकेच्या शाबूत राहिलेल्या टोकाला जोडायची, असे हे काम आहे. ते चालू असताना शल्यवैद्याला हात फिरवायला जागा मिळावी म्हणून एका बाजूचे फुप्फुस मिटवून ठेवावे लागते आणि तेवढा वेळ रोग्याचा श्वास दुसऱ्या फुप्फुसावर चालवावा लागतो. अलीकडे हेच काम लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने करण्याची सोय झाली आहे. त्याने जखमा लहान होतात. आतली उलथापालथ मात्र व्हायची तेवढी होतेच.

इतके सगळे यथासांग पार पडले, गाठ समूळ निघाली, टाके उत्तम बसले, तरी अनुभवी शल्यवैद्य नातलगांना लगेच निर्धास्त करीत नाही. दहा-बारा दिवस जाऊ द्या, असे तो म्हणतो. या दहा-बारा दिवसांत शल्यवैद्याचे कौशल्य मागे सरते आणि रोग्याचे शरीर पुढे येते. जोडलेला सांधा भरून यायचा असतो, मिटलेले फुप्फुस पुन्हा पुरते फुलायचे असते, गमावलेली ताकद अन्नावाचून किंवा अगदी थोड्या अन्नावर परत मिळवायची असते. नेमक्या या दिवसांत रोग्याला विषाणूची बाधा झाली, किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर येण्याआधीच ती त्याच्या अंगात दबा धरून बसलेली असली, तर काय होते? हा प्रश्न वैद्यकाला अगदीच अपरिचित होता असे नव्हे. पण त्याचा नीट हिशेब मांडला गेला तो २०२० नंतर.

शल्यवैद्यांना जंतूंचे भय फार जुने आहे. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि वेदनेचा अडसर दूर झाला. तरी रोगी जखमेत पू होऊन मरतच राहिले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक अॅसिडाने जखमा आणि हत्यारे धुण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे तिला मान्यता मिळत गेली. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कर्करोगाने ग्रासलेला भाग काढला आणि रोगी त्या शस्त्रक्रियेतून वाचला, ही घटना या पार्श्वभूमीवर घडली. पुढे पेनिसिलिन आले. पण ही सर्व लढाई जीवाणूंशी होती. विषाणू हा निराळा वैरी आहे. तो जखमेतून नव्हे तर बहुधा श्वासातून येतो, हत्यारे उकळून त्याचा बंदोबस्त होत नाही आणि पेनिसिलिनला तो मुळीच दाद देत नाही. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणूसुद्धा १९३३ पर्यंत कोणाच्या हाती लागला नव्हता. सर्दीने नाक वाहत असलेल्या मुलाला भूल देऊ नये, हे भूलतज्ज्ञ पूर्वीपासून मानत आले. मोठ्या माणसांच्या बाबतीतही ताप-खोकला असला तर शस्त्रक्रिया एखाददुसरा आठवडा पुढे ढकलण्याची वहिवाट होती. मात्र हा एखाददुसरा आठवडा कोठून आला, तो पुरेसा आहे की नाही, याचा शोध कोणी फारसा घेतला नव्हता.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाची स्थिती काय असते हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील गोष्टी सोप्या होतात. पूर्ण भूल दिली की छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू सैल पडतात; फुप्फुसाच्या खालच्या, पाठीकडील भागातील वायुकोश काही प्रमाणात मिटतात. असे बहुतेक सर्वच रोग्यांच्या बाबतीत होते आणि सुदृढ माणसात ते लवकर भरूनही येते. श्वसनमार्गाच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. धूळ, कफ आणि जंतू घशाकडे लोटण्याचे झाडूकाम ते अहोरात्र करीत असतात. भूल आणि श्वासनलिकेत घातलेली नळी यांमुळे हे झाडूकाम मंदावते. शुद्धीवर आल्यावर रोग्याने जोराने खोकावे, खोल श्वास घ्यावा, म्हणजे साचलेले निघून जाईल. पण ज्याच्या बरगड्यांखाली वीतभर टाके आहेत तो मनुष्य खोकणार कसा? एका खोकल्यासरशी ब्रह्मांड आठवते. तो उथळ, भीत भीत श्वास घेतो. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी परिचारिका त्याला बसते करते, पोटाशी उशी धरून खोकायला लावते, आणि तीन रंगीत चेंडू असलेले प्लास्टिकचे ते खेळण्यासारखे यंत्र त्याच्या हाती देऊन श्वासाने चेंडू वर उचलायला सांगते. नातलगांना हा छळ वाटतो. वास्तविक फुप्फुस फुलवण्याच्या उपायांपैकी तो एक स्वस्त आणि साधा उपाय आहे.

अशा फुप्फुसात आता विषाणूची भर घाला. इन्फ्लुएंझाचा किंवा कोरोनाचा विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशींतच शिरतो, तेथेच वाढतो आणि त्या पेशींचा नाश करतो. म्हणजे जे झाडूकाम भुलीमुळे मंदावले होते ते आता करणाराच उरत नाही. नव्या पेशी येऊन हे अस्तर पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. ताप मात्र चार-पाच दिवसांत उतरलेला असतो. ताप गेला म्हणजे रोग गेला ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती येथे फसवी ठरते. उघड्या पडलेल्या त्या जागेवर जीवाणू सुखाने ठाण मांडतात आणि न्यूमोनिया होतो. रक्तात प्राणवायू कमी पडला की दूरवरच्या त्या नव्या सांध्यालाही तो कमी पडतो, आणि सांधा जुळून येण्यासाठी तर प्राणवायू अत्यावश्यक. याशिवाय मोठी शस्त्रक्रिया आणि कर्करोग ही दोन्ही रक्तात गुठळ्या होण्याची कारणे आहेत; कोरोनाने त्यात तिसऱ्याची भर घातली.

शरीराची संरक्षणव्यवस्थाही या सुमारास थकलेली असते. शरीराला शस्त्रक्रिया हा मोठा आघात वाटतो, मग तो हितासाठी केलेला का असेना. त्या आघाताला उत्तर म्हणून कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात, रक्तातील लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या घटते आणि विषाणुग्रस्त पेशींना हुडकून मारणाऱ्या ज्या खास पेशी असतात त्यांचा जोर काही काळ ओसरतो. या खास पेशींचे आणखी एक काम आहे. रक्तात भरकटलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही त्या टिपतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या या दुबळ्या काळाकडे कर्करोगतज्ज्ञ अधिक काळजीने पाहतात. त्यातून अनेक रोग्यांना शस्त्रक्रियेआधी रसायनोपचार झालेला असतो, वजन उतरलेले असते, अन्ननलिकेच्या रोग्याला तर महिनोन्महिने धड घास गिळता आलेला नसतो.

२०२० च्या प्रारंभी चीनमधील वुहान शहरात हे सारे एकदम प्रत्यक्षात उतरले. १ जानेवारी ते ५ फेब्रुवारी या काळात तेथील चार इस्पितळांत ज्यांच्यावर आगाऊ ठरवलेल्या शस्त्रक्रिया झाल्या त्यांपैकी ३४ रोगी असे निघाले, की शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना कसलाही त्रास नव्हता, पण विषाणू अंगात शिरलेला होता. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत सर्वांना न्यूमोनिया झाला. १५ जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले आणि ७ जण दगावले. रोग्यांची संख्या लहान होती, पण या वृत्तांताने जगभरच्या शल्यवैद्यांची झोप उडवली. रोगी हिंडता-फिरता दिसतो आहे, तपासणीत काही सापडत नाही, आणि तरी शस्त्रक्रिया त्याच्या जिवावर उठू शकते, हे त्यात भयंकर होते.

त्याच सुमारास चीनमधूनच आलेल्या दुसऱ्या एका पाहणीची फार चर्चा झाली. १,५९० कोरोनाग्रस्तांत १८ जण कर्करोगाचे होते. त्यांपैकी ४ जणांवर गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया किंवा रसायनोपचार झाला होता आणि त्या चौघांपैकी तिघांची प्रकृती गंभीर झाली. वर्तमानपत्रांत पंचाहत्तर टक्के हा आकडा झळकला. चारांपैकी तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के हे अंकगणित बरोबर आहे. पण चार माणसांवरून साऱ्या जगातील कर्करोग्यांचे उपचार थांबवावेत की काय असा विचार सुरू व्हावा, हे तर्काला धरून नव्हते. भयाच्या दिवसांत लहान आकडेसुद्धा मोठ्या आवाजात बोलतात.

मोठे आकडे यायला मे महिना उजाडला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने शल्यवैद्यांचा एक आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. २४ देशांतील २३५ इस्पितळांनी आपापल्या रोग्यांची माहिती त्याच्याकडे धाडली. शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभरात किंवा नंतर महिन्याभरात कोरोना झालेले १,१२८ रोगी त्यात होते. त्यांपैकी २३.८ टक्के, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, तीस दिवसांच्या आत दगावला. निम्म्याहून किंचित अधिक रोग्यांना फुप्फुसाचे उपद्रव झाले आणि तसे ज्यांना झाले त्यांपैकी ३८ टक्के मरण पावले. सत्तरी ओलांडलेले, पुरुष, तातडीने शस्त्रक्रिया कराव्या लागलेले आणि कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेले, यांना धोका अधिक होता. या आकड्यांतही एक मेख आहे. त्या दिवसांत चाचण्यांचा तुटवडा होता, त्यामुळे ज्यांना बाधा झाली पण त्रास झाला नाही असे पुष्कळ रोगी मोजणीतून निसटले असणार. तरीही एवढा मृत्युदर ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि अनेक देशांत कर्करोगाच्या शस्त्रक्रियाही लांबणीवर पडू लागल्या.

आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, प्रवासी आगगाड्या थांबल्या. मुंबईत परळला १९४१ साली उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे आसाम, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून रोगी येत असतात. त्यांतले कित्येक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, आणि कोठेच सोय न झालेले थेट पदपथावर पथारी टाकतात. अशा रोग्याला "पुढे या" असे सांगणे म्हणजे त्याला काय सांगणे आहे, हे तेथील डॉक्टरांना पुरते ठाऊक होते. या रुग्णालयाने शस्त्रक्रिया थांबवल्या नाहीत. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तेथे ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील ४२३ तर फारच गुंतागुंतीच्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर एकही रोगी दगावला नाही. पुढे सहा जणांना कोरोनाची बाधा झाल्याचे आढळले, पण त्यासाठी कोणालाही अतिदक्षतेचे उपचार द्यावे लागले नाहीत.

वुहानचे ३४ आणि परळचे ४९४, यांत कोणाचे खरे मानायचे? दोन्ही खरे आहेत. परळच्या रोग्यांचे मध्यम वय अवघे ४८ होते आणि साठीपुढचे फक्त ६४ जण होते. कर्करोगाखेरीज दुसरे कोणतेही दुखणे नसलेल्यांचा त्यांत मोठा भरणा होता. शिवाय परळच्या रोग्यांपैकी अगदी मोजक्यांनाच बाधा झाल्याचे आढळले, वुहानच्या पाहणीत सर्वच बाधित होते. म्हणजे परळच्या अनुभवाचा अर्थ विषाणू निरुपद्रवी होता असा नव्हे. रोगी नीट निवडले, विषाणूला इस्पितळाबाहेर ठेवण्याची शिकस्त केली, तर साथीच्या ऐन भरातही शस्त्रक्रिया करता येते, एवढाच तो अर्थ आहे. आणि त्या वेळी तो फार मोलाचा होता. याच काळातील ५५ देशांतील ९,१७१ कर्करोग्यांच्या पाहणीतही तेच दिसले. जेथे शस्त्रक्रियेचे रोगी आणि कोरोनाचे रोगी यांची शल्यगृहे, खाटा, अतिदक्षता विभाग पूर्णपणे अलग ठेवले होते तेथे फुप्फुसाचे उपद्रव २.२ टक्के रोग्यांना झाले. जेथे तशी व्यवस्था नव्हती तेथे ४.९ टक्क्यांना.

परंतु रोग्याला आधीच बाधा होऊन गेली असेल तर? मग प्रश्न तारखेचा होतो, आणि येथेच खरा पेच आहे. एकीकडे विषाणूने पोळलेले फुप्फुस वेळ मागते. दुसरीकडे गाठ थांबायला तयार नसते.

पहिल्या बाजूचे उत्तर मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच आंतरराष्ट्रीय संघाने ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांत शस्त्रक्रिया झालेल्या १,४०,२३१ रोग्यांची माहिती गोळा केली होती. त्यांत ३,१२७ जणांना शस्त्रक्रियेपूर्वी कधी ना कधी कोरोना होऊन गेला होता. ज्यांना कधीच बाधा झाली नव्हती त्यांचा तीस दिवसांतील मृत्युदर, वय वगैरे गोष्टी जमेस धरून, १.५ टक्के निघाला. बाधेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांचा तो ४.१ होता, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३.९, पाचव्या-सहाव्यात ३.६. सात आठवडे उलटून गेल्यावर मात्र तो पुन्हा १.५ वर आला. एखादा आठवडा थांबण्याची जुनी वहिवाट किती तोकडी होती हे यावरून कळावे. सहा आठवड्यांपर्यंत धोका जवळपास तसाच राहतो, ही गोष्ट शल्यवैद्यांनाही अनपेक्षित होती. त्यातही एक पोटभेद होता. सात आठवडे होऊनही ज्यांचा खोकला किंवा दम गेला नव्हता त्यांचा मृत्युदर ६ टक्के होता. ज्यांचा त्रास पूर्ण मिटला होता त्यांचा २.४ आणि ज्यांना मुळात त्रासच झाला नव्हता त्यांचा १.३. म्हणजे कॅलेंडरावरची पाने उलटणे पुरेसे नव्हते, रोग्याच्या छातीलाही विचारायला हवे होते.

दुसऱ्या बाजूचे उत्तर त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, येऊन ठेपले होते. सात प्रकारच्या कर्करोगांवरील ३४ अभ्यास, त्यांतील साडेबारा लाखांहून अधिक रोगी, यांची एकत्र छाननी करून संशोधकांनी दाखवले, की शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा समजून घेण्यात चूक होते. शंभरांतले सहा-आठ जण अधिक दगावतात असा त्याचा अर्थ नाही. मूळचा जो काही धोका असेल त्यात तेवढ्या प्रमाणात भर पडते. शिवाय सर्व गाठी एका चालीने वाढत नाहीत. थायरॉइडच्या बहुतेक गाठी सावकाश चालतात, पुरःस्थ ग्रंथीच्या पुष्कळशा गाठीही. स्वादुपिंडाची किंवा तोंडाची गाठ असे सवड देत नाही. गालाच्या कर्करोगाचा रोगी दोन महिन्यांनी आला तर काढता येण्याजोगी गाठ जबड्याच्या हाडात शिरलेली असू शकते. साथीच्या काळात ६१ देशांतील २०,००६ रोग्यांचा मागोवा घेतला तेव्हा दिसले, की दर दहांतल्या एकाची ठरलेली शस्त्रक्रिया पाच महिने उलटले तरी झालेली नव्हती. कडक टाळेबंदीच्या प्रदेशांत हे प्रमाण १५ टक्के होते, सौम्य निर्बंधांच्या प्रदेशांत एक टक्क्याहूनही कमी. विषाणूने फुप्फुसाला हात न लावताही हे रोगी त्याच्या तडाख्यात सापडले होते.

हे दोन्ही आकडे एका तराजूत घालून तोलण्याचे काम कोणत्याही कोष्टकाला साधलेले नाही. सावकाश वाढणाऱ्या गाठीचा रोगी सात आठवडे थांबला तर त्याचे नुकसान क्वचितच होते. मोठ्या आतड्याची गाठ वाट अडवून बसली आहे, पोट फुगले आहे, अशा रोग्याला सात दिवसही थांबवता येत नाही. तेथे विषाणूसकट शस्त्रक्रिया करावी लागते. यांच्या मधले जे रोगी, त्यांच्यासाठी कोठे आधी रसायनोपचार सुरू करून वेळ मिळवला गेला, कोठे पूर्ण भुलीऐवजी कमरेतून भूल दिली गेली, कोठे मोठ्या शस्त्रक्रियेचे दोन टप्पे केले गेले. बाधा शस्त्रक्रियेनंतर झाली तर आणखी एक अडचण येते आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. अनेक कर्करोगांत शस्त्रक्रियेनंतर काही ठरावीक आठवड्यांत रसायनोपचार किंवा किरणोपचार सुरू व्हावा लागतो. रोगी महिनाभर न्यूमोनियाशी झुंजत राहिला तर ती वेळ टळते. तो विषाणूतून वाचतो खरा, पण ज्यासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसली त्या फळाला तेवढा धक्का बसतो.

सात आठवड्यांचा तो नियम आज जसाच्या तसा राहिलेला नाही. तो ज्या रोग्यांवरून काढला ते सर्व लस येण्यापूर्वीचे होते. लसीकरण झाले, विषाणूचे रूप पालटले, आणि २०२२ व २०२३ मध्ये ब्रिटनमधील भूलतज्ज्ञ व शल्यवैद्य यांच्या संस्थांनी आपला सल्ला बदलला. बाधेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत शक्यतो नियोजित शस्त्रक्रिया करू नये. त्यापुढे रोग्याचे वय, त्याचे इतर आजार, बाधेची तीव्रता, शस्त्रक्रियेचा मोठेपणा आणि गाठीची निकड पाहून ज्याचे त्याचे ठरवावे, असा त्याचा आशय आहे. नियम सैल झाला, विचार करण्याचे काम मात्र वाढले.

कोरोनाच्या गडबडीत बाकीचे विषाणू मागे पडले, पण ते कोठे गेलेले नाहीत. इन्फ्लुएंझा दरवर्षी येतो. त्याची निष्क्रिय विषाणूंची लस कर्करोग्याला देता येते. फक्त लसीने एखादा दिवस ताप आला तर तो लसीचा की संसर्गाचा असा घोळ होऊ नये म्हणून ती शस्त्रक्रियेच्या तोंडावर न देता थोडी आधी द्यावी. यकृताच्या कर्करोगात निराळाच प्रकार असतो. तेथे पुष्कळदा कर्करोगाचे मूळ कारणच ब-प्रकारच्या काविळीचा विषाणू असतो आणि तो यकृतात मुक्कामालाच असतो. यकृताचा मोठा भाग कापला की उरलेल्या भागाला वाढून सारा भार उचलायचा असतो. नेमका तेव्हा हा मुक्कामी पाहुणा उचल खातो आणि वाढू पाहणारे यकृत सुजते. येथे मात्र वैद्यकाच्या हाती चांगली शस्त्रे आहेत. टेनोफोव्हिर, एन्टेकाव्हिर यांसारखी औषधे वेळेवर सुरू केली की हा विषाणू बऱ्याच अंशी दबून राहतो. मोठ्या शस्त्रक्रियेत द्यावे लागणारे रक्त हेही पूर्वी विषाणूंचे एक दार होते. क-प्रकारच्या काविळीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखता आला. त्यापूर्वी तो रक्ताच्या बाटलीतून न कळत कितीतरी रोग्यांच्या अंगात गेला. रक्ताच्या चाचण्या आल्यापासून ते दार बरेचसे बंद झाले आहे.

श्वासाचे दार बंद करणे इतके सोपे नाही, कारण ते माणसांच्या हाती आहे. दूर गावाहून आलेल्या रोग्याला चार-सहा खेपांनंतर शस्त्रक्रियेची तारीख मिळालेली असते. दोन दिवस आधी घसा धरतो, अंग कसकसते. भूलतज्ज्ञ विचारतो, ताप, खोकला काही? रोगी मान हलवून नाही म्हणतो; सोबतचा मुलगाही बापाकडे पाहून गप्प राहतो. तारीख गेली तर पुन्हा कधी मिळेल, धर्मशाळेतली खोली तोवर टिकेल का, गावी शेत कोण पाहील, हे सगळे त्या नकारात असते. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जेथे तारीख पुढे ढकलताना लगेच दुसरी तारीख लिहून हाती दिली जाते आणि तोवरच्या मुक्कामाची विचारपूस होते, तेथे रोगी खोकला लपवण्याचे कारण उरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर येणारी माणसे हा दुसरा भाग. आजाऱ्याला पाहायला जाणे हे आपल्या समाजात कर्तव्य मानले जाते. न जाणाऱ्याचे नाव वर्षानुवर्षे निघते. शहाळे, मोसंबी घेऊन पाहुणा येतो, खाटेच्या कडेला बसतो, रोग्याचा हात हातात घेतो, आणि बोलता बोलता रुमालात दोनदा शिंकतो. त्याची सर्दी चार दिवसांत जाते. ती रोग्याला लागली तर चारच दिवस टिकेल असे मात्र नाही. साथीच्या वर्षांत इस्पितळांनी एका रोग्याजवळ एकच माणूस हा नियम काटेकोर पाळला होता. पुढे तो पुष्कळ ठिकाणी सैलावला, आणि सैलावणाऱ्यांत इस्पितळांपेक्षा गोतावळ्याचा वाटा मोठा आहे.

तारीख खरोखरच पुढे गेली तर मधले आठवडे रिकामे जातात असे नाही. रोज थोडे अधिक चालणे, दूध, डाळ, अंडी यांनी अंगावर मांस धरणे, ते तीन चेंडूंचे यंत्र शस्त्रक्रियेच्या आधीच हाताळून सवयीचे करून घेणे, हे सर्व त्या काळात करता येते आणि त्याचा उपयोग होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने निदान चार आठवडे आधी ती सोडली तर शस्त्रक्रियेनंतरचे फुप्फुसाचे उपद्रव कमी होतात, हे अनेक पाहण्यांतून सिद्ध झाले आहे. एरवी निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या धावपळीत एवढी सवड कोणाला सापडत नाही. विषाणूमुळे तारीख लांबलेल्या रोग्याला ती अनायासे सापडते. आणि पुष्कळांच्या बाबतीत तीस-चाळीस वर्षांत विडीवाचून गेलेले ते पहिलेच चार आठवडे असतात.